स्वप्नात जनावर आलं? आधी त्याला नीट बघा

‘स्वप्नात साप आला, आता काय होईल?’ असं कुणी विचारलं की मी उलट विचारते: कुठला साप, कुठे होता, आणि तुम्ही काय करत होतात? बहुतेक जण पहिल्याच प्रश्नाला अडखळतात. साप त्यांनी धड बघितलेलाच नसतो. ‘साप’ एवढंच घेऊन ते उठतात आणि चहाला उकळी फुटेपर्यंत मोबाइलवर अर्थ शोधून मोकळे होतात. एका ठिकाणी धनलाभ, दुसऱ्या ठिकाणी छुपा शत्रू, तिसऱ्या ठिकाणी पितृदोष. मग दिवसभर धनलाभ धरायचा की शत्रू, याचा घोळ.

स्वप्नांकडे नुकतेच वळलेल्यांसाठी हा लेख आहे. ‘हत्ती म्हणजे अमुक, मांजर म्हणजे तमुक’ अशी यादी यात मिळणार नाही. अशा याद्यांवर माझा विश्वास नाही, कारण ठाण्यात घोडबंदर रोडच्या एकाच सोसायटीत, एकाच रात्री, दोन घरांत बिबट्या स्वप्नात आला तर ते दोन वेगळे बिबटे असतात. तुमच्या बिबट्याचा अर्थ तुमच्याच आयुष्यात सापडायचा. तो कसा शोधायचा, त्याची ही वाट. आणि हो, पुढे काय घडणार हे स्वप्न सांगतं असा माझा दावा नाही. सध्या मनात काय चाललंय, हे मात्र ते बरंच सांगतं.

उठल्या उठल्या धरून ठेवा

१९५३ साली शिकागो विद्यापीठात युजीन ॲसेरिन्स्की आणि नॅथॅनिएल क्लाइटमन यांनी झोपेतला एक टप्पा दाखवून दिला. त्यात बंद पापण्यांआड बुबुळं भराभर हलत असतात. गोष्टीसारखी, ठसठशीत स्वप्नं बहुतांशी याच टप्प्यात पडतात. साधारण दीड तासाच्या फेऱ्यांनी तो टप्पा येतो आणि पहाटेकडे लांबत जातो. ‘पहाटेचं स्वप्न खरं होतं’ म्हणणाऱ्या आजीचं एवढं नक्की बरोबर, की पहाटेचं स्वप्न लांबलचक असतं आणि तेच लक्षात राहतं.

पण ठाण्याहून सकाळची फास्ट लोकल पकडणाऱ्यांचा गजर नेमका याच वेळी वाजतो. गजर बंद करायला हात लांब केला, त्याच हाताने मेसेज बघितले, की स्वप्न गेलं. म्हणून जाग आल्यावर हलू नका, कूसही बदलू नका. डोळे मिटूनच शेवटचं दृश्य पकडा आणि तिथून मागे मागे जा. मग उशाशी ठेवलेल्या वहीत चार ओळी लिहा. लिहायचा कंटाळा असेल तर फोनवर कुजबुजत रेकॉर्ड करा. शेजारी नवरा झोपलेला असेल तर स्वयंपाकघरात जाऊन करा, पण त्याला आधी सांगत बसू नका. सांगताना आपण स्वप्नाला नीटनेटकं करतो, ऐकणाऱ्याला पटेल असं करतो, आणि विचित्र तपशील तेवढे गळतात.

वर्तमानकाळात लिहा. ‘मी जिन्यात उभी आहे. खालच्या मजल्यावर कुत्रा आहे. तो वर बघतोय.’ भूतकाळात लिहिलं की आपसूक सारांश होतो. जनावराचं वर्णन करताना पोलिसांना सांगताय असं सांगा: केवढं होतं, ओलं होतं का, लंगडत होतं का, गळ्यात पट्टा होता का, आवाज करत होतं का, बघत कुठे होतं. खऱ्या जनावरात नसतं असं काही दिसलं असेल, म्हणजे कबुतराला दात किंवा म्हशीच्या पायात पैंजण, तर ते अधोरेखित करा. पुढे सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच होतो. शेवटी दोन ओळी: जाग आली तेव्हा मनात काय होतं, आणि आदल्या दिवशी काय काय झालं.

तुकडाच आठवला तर तुकडा लिहा. ‘काहीतरी काळं, केसाळ, पलंगाखाली’ एवढ्यावरही काम होतं.

मग चाळणी

प्रत्येक स्वप्न उकरत बसायचं नसतं. यासाठी मला चरकसंहितेतली वर्गवारी आवडते. इंद्रियस्थानाच्या पाचव्या अध्यायात स्वप्नाचे सात प्रकार दिलेत: दृष्ट, श्रुत, अनुभूत, प्रार्थित, कल्पित, भाविक आणि दोषज. पाहिलेलं, ऐकलेलं, अनुभवलेलं, मनात इच्छा असलेलं, कल्पनेतलं, पुढचं सुचवणारं आणि शरीरातल्या दोषांमुळे पडणारं. यातले पहिले पाच निष्फळ, असं चरक वैद्यांना बजावतो. रोग्याचं पुढे काय होणार हे त्यावरून ठरवू नका, असा त्याचा अर्थ. ज्या परंपरेचा दाखला देऊन लोक स्वप्नांचं भविष्य सांगतात, त्याच परंपरेत हे लिहिलेलं आहे.

आपण ही चाळणी वेगळ्या कामाला लावू. सोसायटीच्या ग्रुपवर काल कुणी गेटजवळच्या बिबट्याची सीसीटीव्ही क्लिप टाकली आणि रात्री बिबट्या आला, तर ते दृष्ट. ठाण्यात येऊरच्या जंगलाच्या पायथ्याला राहणाऱ्यांना हे नवं नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये समतानगरच्या मॉलमध्ये बिबट्या शिरला, तेव्हा टीव्हीवर ते दृश्य बघून कितीकांच्या झोपेत तो आला असेल! पावसाळ्यात खारघरला कुणाच्या पार्किंगमध्ये धामण निघाल्याचं ऐकलं आणि रात्री साप आला, तर ते श्रुत. अशा स्वप्नाला लगेच खोल अर्थ चिकटवू नका. फक्त एक विचारा: काल मी शंभर गोष्टी पाहिल्या, त्यातलं हेच का उरलं? उत्तर आलं तर पुढे जा, नाही आलं तर सोडून द्या.

दोषज मात्र गंभीरपणे घ्या. ताप, रात्री उशिराचं जड जेवण, दारू, अपुरी झोप यांनी स्वप्नं भडक होतात. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी, नैराश्यावरच्या काही औषधांनीही होतात. नवं औषध सुरू केल्यापासून रोज जनावरं मागे लागत असतील तर अर्थ शोधण्याआधी डॉक्टरांना सांगा. औषध आपल्या मनाने बंद करू नका.

गरोदरपणात झोप सारखी मोडते, त्यामुळे स्वप्नं जास्त आठवतात, आणि त्यात जनावरं आली की घरातल्या बायका मुलगा की मुलगी यावर पैजा लावतात. त्यांना हसून चहा द्या.

न पाहिलेल्याला समजावून सांगा

आता मुख्य काम. गेल डिलेनी या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंची एक साधी युक्ती आहे. समोरचा माणूस दुसऱ्या ग्रहावरून आलाय असं धरायचं. त्याने हे जनावर कधी पाहिलेलं नाही, त्याबद्दल काही ऐकलेलंही नाही. त्याला सांगा, हे जनावर म्हणजे काय, ते कसं वागतं, तुम्हाला त्याच्याबद्दल काय वाटतं. पुस्तकातली माहिती द्यायची नाही, तुमच्या मनातली द्यायची. ती चुकीची असली तरी चालेल.

ऐरोलीच्या एका मैत्रिणीला स्वप्न पडलं. तिच्या स्वयंपाकघराच्या ओट्यावर फ्लेमिंगो उभा आहे, एका पायावर. ती पोळ्या लाटतेय आणि त्याला धक्का लागू नये म्हणून अंग चोरून लाटतेय. तिने आधी नेटवर बघितलं होतं: फ्लेमिंगो म्हणजे प्रेम आणि सौंदर्य. तिला ते पटेना, कारण स्वप्नात तिला नुसता वैताग आला होता.

मी विचारलं, ‘फ्लेमिंगो म्हणजे काय?’

‘पक्षी. गुलाबी. हिवाळ्यात खाडीत येतो, पावसाच्या आधी जातो.’

‘म्हणजे इथला नाही?’

‘इथला नाहीच. पण सगळ्यांना वाटतं आपलाच. जिकडेतिकडे भिंतींवर त्याचीच चित्रं. लोक लांबून लांबून येऊन फोटो काढतात.’

‘आणि तो काय करतो?’

‘काय करतो, चिखलात मान खाली घालून दिवसभर खातो. त्या चिखलातलं शेवाळ खाऊनच तर तो गुलाबी होतो. ते कुणाला दिसत नाही. फोटोत गुलाबीच दिसतं.’

एवढं बोलून ती थांबली. मग म्हणाली, ‘अगं, ही तर माझी नणंद.’ नणंद परदेशातून दर वर्षी हिवाळ्यात यायची आणि घरभर तिचंच कौतुक व्हायचं. अर्थ लागला असं वाटून आम्ही दोघी हसलो. पण मी आणखी एक प्रश्न विचारला, आणि नवख्यांनी तो कधी विसरू नये: ‘त्या वर्णनात तू कुठे आहेस का?’ यावर ती बराच वेळ गप्प होती. दिवसभर चिखलात मान घालून काम कोण करतं आणि फोटोपुरतं गुलाबी कोण दिसतं, याचं उत्तर नणंदेपाशी थांबत नव्हतं. ती स्वतः एका ऑफिसात कंत्राटावर होती, कंत्राट मेमध्ये संपणार होतं आणि घरी तिने ते सांगितलेलं नव्हतं.

दोन्हींतला खरा अर्थ कुठला? माझ्या मते दोन्ही. स्वप्नातलं जनावर आधी दुसऱ्या कुणासारखं वाटतं, कारण ते सोपं असतं. म्हणून तिथे थांबू नका. वर्णनातला प्रत्येक शब्द घ्या आणि ‘माझ्या आयुष्यात असं कोण आहे?’, ‘असं काय चाललंय?’, ‘मी कुठे अशी वागते?’ या तिन्ही प्रश्नांवर घासून बघा. बहुतेक ठिकाणी काही होत नाही. एखाद्या ठिकाणी पोटात खड्डा पडतो किंवा एकदम हसू फुटतं. तिथे खूण करा.

तुमच्या घरात हे जनावर कोण?

जनावरं आपल्याकडे कोरी येत नाहीत. उंदीर गणपतीचा, कुत्रा खंडोबाचा आणि दत्ताच्या पायाशीही, कावळा पितरांचा. तुम्ही देवधर्म करा न करा, लहानपणी जे ऐकलं ते आत बसलेलंच असतं. म्हणून वहीत एक पान घराच्या समजुतींसाठी ठेवा. आजी या जनावराला काय म्हणायची, कुळाचं देवक काय, गावी कुणाची पूजा होते.

कोकणातून ठाण्यात आलेल्या कुणाला स्वप्नात घराच्या जोत्याजवळ साप दिसला, तर तो ‘राखणदार’ असू शकतो, न मारायचा, वाट सोडून द्यायचा. मुंबईतच वाढलेल्या त्याच्या शेजाऱ्याला तसाच साप दिसला तर ती निव्वळ भीती. येऊरच्या पाड्यांवरच्या वारली घरांमध्ये वाघोबा देव आहे, वाघबारशीला त्याला मान द्यायचा, म्हणजे तो गुराढोरांवर नजर ठेवत नाही. तिथल्या आजोबांच्या स्वप्नात वाघ येणं म्हणजे देण्याघेण्यातलं काही राहून गेल्याची आठवण असेल. खाली वाघबीळच्या टॉवरात अठराव्या मजल्यावर राहणाऱ्याच्या स्वप्नात तोच वाघ लिफ्टमधून आला, तर ते प्रकरण ऑफिसातल्या साहेबाचं असण्याची शक्यता अधिक.

पांढरा हत्ती घ्या. बौद्ध घरात तो महामायेच्या स्वप्नातला, सिद्धार्थाच्या जन्माआधीचा. जैन घरात त्रिशला मातेच्या स्वप्नांमध्ये हत्ती, बैल, सिंह येतात आणि पर्युषणात ती स्वप्नं मिरवली जातात. आणि कुणाच्या घरात पांढरा हत्ती म्हणजे हप्ते भरून भरून दमवणारा, बंद पडलेला गाळा. तिन्ही माणसं शेजारी शेजारी राहतात.

कोळीवाड्यातल्या बाईला स्वप्नात टोपलीभर जिवंत चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, दिसल्या तर ते दिवाळं नव्हे, दिवाळी. हेच स्वप्न शाकाहारी माणसाला पडलं तर तो ओरडत उठेल. म्हणून कुणी ठामपणे ‘चिंबोरी दिसणं वाईट’ म्हणालं तर आधी विचारा, कुणासाठी?

समजूत आठवली की ती ओझं होऊ देऊ नका. सापाच्या स्वप्नावरून कुणी लगेच महागडा विधी सुचवला तर घाई करू नका. श्रद्धा तुमची आहे, ती ठेवा. पण स्वप्नाच्या भीतीत असताना पैशाचा निर्णय घेऊ नका. आठवडाभराने भीती उतरली तरी विधी करावासा वाटला तर करा.

म्हणी तपासा

मन चित्रांत बोलतं, आणि मराठी मनापाशी जनावरांची तयार चित्रं ढिगाने आहेत. त्यामुळे स्वप्न पडलं की त्या जनावराच्या म्हणी आणि वाक्प्रचार भराभर लिहून काढा. वाशीच्या मार्केटात हिशेब सांभाळणाऱ्या एकाला सारखं दिसायचं की तो उंटावर बसलाय आणि खाली शेळ्या भलतीकडे चालल्यात. उंटावरून शेळ्या हाकणं! तो घरबसल्या फोनवरून गावची शेती करत होता. गाढवाचं ओझं, अस्तनीतला साप, मांजराच्या गळ्यातली घंटा, गरीब गाय, सरड्याची कुंपणापर्यंतची धाव, यातलं काहीतरी चिकटतंच.

शेपटाकडे विशेष लक्ष द्या. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं, अशी कामं प्रत्येकाच्या टेबलावर पडलेली असतात.

तुम्ही काय केलंत?

नवखे लोक जनावरावर पानभर लिहितात आणि स्वतःवर एक ओळ. खरं तर अर्धा अर्थ तुमच्या वागण्यात असतो. पळालात? पळताना मागे वळून पाहिलंत का? दार लावलंत का? खायला घातलंत? कुणाला हाक मारलीत, आणि कुणी आलं का? जनावर जखमी होतं आणि तुम्ही ‘सोसायटीचं कुणीतरी बघेल’ म्हणून वर निघून गेलात, असंही असेल. ते लिहा, कितीही लाज वाटली तरी.

मग विचारा, जागेपणी मी हल्ली असं कुठे वागतेय? नुसतं दार लावून आत बसलेली माणसं पुष्कळ भेटतात. कुणी आजाराचा रिपोर्ट आणायला जात नसतं, कुणी भावाचा फोन उचलत नसतं.

मागे लागणाऱ्या जनावरांबद्दल एक सांगते. फिनलंडचे मानसशास्त्रज्ञ अँटी रेव्होन्सुओ यांनी २००० साली असा सिद्धांत मांडला की स्वप्नं म्हणजे धोक्याची रंगीत तालीम. जंगलात राहणाऱ्या आपल्या पूर्वजांना तिचा उपयोग व्हायचा. सगळ्या शास्त्रज्ञांना ते पटलेलं नाही. पण बाइकवरून जाताना रोज तीन भटके कुत्रे मागे लागत असतील, तर रात्री कुत्र्यांपासून पळणं ही अगदी कामाची तालीम असू शकते. तिथे बालपणीची जखम शोधू नका, रस्ता बदला.

दुसऱ्याला सांगायचं तर

एकट्याने अडलं की कुणाला तरी सांगावं. सकाळी उपवनला किंवा संध्याकाळी तलावपाळीला फेरी मारताना ही गोष्ट छान होते, कारण चालताना एकमेकांच्या डोळ्यांत बघावं लागत नाही. पण नियम ठरवून घ्या. न्यूयॉर्कचे मनोविकारतज्ज्ञ माँटेग्यू उलमन यांनी गटात स्वप्नं उलगडायची एक रीत घालून दिली. ऐकणाऱ्याने ‘तुझ्या स्वप्नाचा अर्थ असा’ म्हणायचं नाही. ‘हे माझं स्वप्न असतं, तर मला असं वाटलं असतं’ एवढंच म्हणायचं. त्यामुळे बोलणारा स्वतःचं मन उघडं करतो आणि तुम्हाला हवं ते घेता येतं. ज्याचं स्वप्न, त्याचा शब्द शेवटचा.

आमच्यात हा नियम मोडणारे एक काका आहेत. त्यांना कुठलंही जनावर सांगितलं की ‘पचन बघ’ म्हणतात. कधी कधी ते बरोबरही निघतं.

सुनेला सासूपुढे किंवा कारकुनाला साहेबापुढे स्वप्न सांगायला लावू नका. ज्याच्यापुढे नाही म्हणता येत नाही, त्याच्यापुढे स्वप्न उघडायचं नसतं.

एका स्वप्नावर घर बांधू नका

दोन-तीन महिन्यांच्या नोंदी झाल्या की वही मागून वाचा. स्विस मनोविकारतज्ज्ञ कार्ल युंगने एकेका स्वप्नापेक्षा स्वप्नांच्या मालिकेला जास्त महत्त्व दिलं, आणि जनावरांच्या बाबतीत ते फार उपयोगी पडतं. एकच जनावर परत येतं का, ते लहान होतंय की मोठं, घराबाहेर होतं ते आत आलंय का, पूर्वी भुंकायचं ते आता गप्प बसून बघतं का, हे बघा. जागाही बघा. जनावर नेहमी गच्चीवर, नेहमी गावच्या गोठ्यात किंवा नेहमी ऑफिसच्या पॅन्ट्रीत येत असेल तर आधी त्या जागेबद्दल लिहा. तिथे कधी काय घडलं होतं?

गेलेल्या पाळीव कुत्र्या-मांजरांची स्वप्नं या मालिकेत वेगळी ओळखा. तो कुत्रा बहुधा कशाचंही रूप नसतो, तो तोच असतो. तुम्हाला त्याची आठवण येते. ‘एवढ्यासाठी कुणी रडतं का’ म्हणून घरच्यांनी झटकलेलं दुःख रात्री येतं. त्याचं विश्लेषण करू नका, त्याचे फोटो काढून बघा.

अर्थ लागला हे कसं ओळखायचं?

पटणारा अर्थ बहुधा तुम्हाला आधी न सुचलेला असतो आणि ऐकला की ‘अरेच्चा’ होतं. जो अर्थ नुसती स्तुती करतो किंवा नुसता दोष देतो, त्यावर संशय घ्या. अर्थ स्वप्नातल्या तपशिलांना लागू पडला पाहिजे. फ्लेमिंगो ओट्यावरच का, एका पायावरच का, हे त्यातून सुटलं पाहिजे. निम्मे तपशील बाहेर राहत असतील तर तो अर्थ ओढूनताणून आणलाय.

आणि मग एक लहानसं काम करा. माझ्या मैत्रिणीने घरी कंत्राटाचं सांगितलं, एवढंच. नोकरी सोडली नाही, नणंदेशी भांडली नाही. स्वप्नावरून लग्न, नोकरी, घराची खरेदी-विक्री, औषधोपचार यांतलं काहीही ठरवायचं नाही. फोन करणं, रिपोर्ट आणणं, माफी मागणं, सुट्टी टाकणं, अशी उद्या मागे घेता येतील किंवा एरवीही करायलाच हवीत अशी कामं निवडा. स्वप्नाचा अर्थ चुकला असला तरी रिपोर्ट आणल्याने नुकसान होत नाही.

स्वप्न भिववत असेल तर

लहान मुलांच्या स्वप्नांत जनावरं मोठ्यांपेक्षा जास्त येतात. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ डेव्हिड फोक्स यांनी मुलांना प्रयोगशाळेत झोपवून, उठवून वर्षानुवर्षं हे अभ्यासलं. तेव्हा पाच वर्षांच्या मुलाने ‘भिंतीवर अस्वल होतं’ म्हटलं तर ‘शाळेत कुणी मारतं का’ म्हणून उलटतपासणी घेऊ नका. जवळ घ्या, दिवा लावा, सकाळी अस्वलाचं चित्र काढायला द्या. हवं तर अस्वलाला टोपी घालू दे. पण मूल दिवसाही घाबरत असेल, शाळेत जायला नकार देत असेल, तर मात्र शांतपणे चौकशी करा.

मोठ्यांना तेच ते भीतीचं स्वप्न पुन्हा पुन्हा पडत असेल तर अर्थापेक्षा शेवट बदलण्याचा उपाय आधी करून बघा. दिवसा, पूर्ण जागेपणी, स्वप्न लिहा आणि तुम्हाला हवा तसा बदल करा. कुत्रा अंगावर येतो तिथे त्याचा मालक येऊ दे, किंवा कुत्रा पिल्लू होऊ दे. मग हे नवं स्वप्न रोज दहा-पंधरा मिनिटं डोळे मिटून मनात चालवा. दुःस्वप्नांवरच्या उपचारांत ही पद्धत खरोखर वापरतात. अत्याचारातून गेलेल्या स्त्रियांवर तिचा चांगला परिणाम झाल्याचं बॅरी क्राकोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं संशोधन २००१ साली प्रसिद्ध झालं. तुमचं स्वप्न खऱ्या प्रसंगाचं असेल, म्हणजे खरोखर हल्ला, अपघात, अत्याचार, तर हे घरी एकट्याने करू नका, तज्ज्ञासोबत करा.

तीन गोष्टी वहीतून बाहेर काढून डॉक्टरकडे न्यायच्या. एक, झोपेत खरोखर लाथा मारणं, ओरडणं, पलंगावरून पडणं, विशेषतः पन्नाशीनंतर नव्याने सुरू झालं असेल तर, यासाठी मेंदूविकारतज्ज्ञ. दोन, जागेपणीही जनावरं दिसणं किंवा अंगावर चालल्यासारखं वाटणं. तीन, स्वप्नांच्या भीतीने झोपायलाच नको वाटणं, किंवा जगायला नको वाटणं. ठाण्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात बाह्यरुग्ण विभाग आहे. तिथे जायला लाजायचं कारण नाही. आणि घरातून कुणाशी तरी आत्ताच बोलायचं असेल तर सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन १४४१६ ही रात्रंदिवस सुरू असते, पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलता येतं.